जर्मन नाण्यांना पंचामृत

चहाचा कप आधी खाली ठेवा, हे ऐकताना तो सांडतो असा अनुभव आहे. शिकलासवरलेला माणूस किती माती खाऊ शकतो, आता काय सांगू तुम्हाला!

माझ्या बायकोला, नीलिमाला, जर्मन नाण्यांचा नाद. आम्ही नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला राहतो. सीमेपलीकडे जर्मनीत गेलो की मी चॉकलेटं घ्यायचो आणि ती नाणी. पाच युरोची, आरशासारखी लखलखीत, मधे रंगीत पारदर्शक कडी. एकच नाणं पाच टांकसाळींतून निघतं, प्रत्येकीचं अक्षर वेगळं. म्हणून पाचही हवीत!

"अगं, सगळी एकसारखीच तर आहेत."

"तुला मी आणि माझी बहीणसुद्धा एकसारख्याच दिसतो!"

ती देवाघरी गेल्यावर तिच्या नाणेमंडळातले विलेम म्हणाले, "संग्रह आमच्या काचेच्या कपाटात मांडू, तिच्या नावानं." ते पाडव्याला न्यायला येणार होते. मला फार बरं वाटलं. तिचं नाव तिथं लागायलाच हवं होतं.

आदल्या संध्याकाळी लक्ष्मीपूजन. नीलिमा दरवर्षी हीच नाणी पूजेला मांडायची. यंदा मी एकटाच. म्हटलं, कशात कमी पडू द्यायचं नाही. बघतो तर प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या डबीत बंद! लक्ष्मीचा असा श्वास कोंडायचा? उघडल्या ताटातल्या सगळ्या डब्या. चांदीच्या निरांजनाबरोबर नाणीही रांगोळीनं खसखसून घासली. मग पंचामृत. वर हळदकुंकू. काय प्रसन्न वाटलं म्हणून सांगू!

सकाळी ग्रोनिंगनहून आमची मुलगी मुग्धा आली, पाठोपाठ विलेम. त्यांनी भिंगातून एक नाणं पाहिलं आणि ते खुर्चीत बसलेच.

"हे कशानं घासलंत?"

"रांगोळीनं. म्हणजे… दगडाची पूड."

"दगडाची?"

"पण नंतर दूध, दही, तूप, मध, साखर लावली ना!"

"तुम्ही त्याचं डेझर्ट केलंत?"

मुग्धा किंचाळली, "बाबा! आई नेव्हर ओपन्ड देम! कुंकू डबीवर लावायची!"

सव्वीस वर्षांचा संसार, आणि मी हे पाहिलंच नव्हतं? पूजेच्या वेळी माझं लक्ष बहुधा फराळाच्या ताटाकडे असावं.

"आता हे पाच युरोचं फक्त पाच युरोचंच," विलेम म्हणाले. "तेही जर्मनीत. इथं याची कोथिंबीरसुद्धा मिळणार नाही."

"आणि तिचं कपाट?" मी विचारलं.

मुग्धानं आईचा नाण्यांचा खण उपसला. ताटात न मावलेला एक संच मागे राहिला होता. पाचही अक्षरं, डब्या बंद! विलेमनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग हळूच म्हणाले, "घासलेलंही एक द्याल का?"

आता कपाटात नीलिमाच्या नावाखाली तो संच झळकतोय. शेजारी माझं नाणं, माझ्या नावासकट. खाली पाटी, 'नाणी अशी साफ करू नयेत.' आणि गर्दी कुणापुढे? माझ्यापुढे!

परवा मंडळातल्या एका डच आजींनी मला थांबवून विचारलं, "ते दहीवाले गृहस्थ तुम्हीच का हो?"

मी नम्रपणे म्हटलं, "दही नंतर, आजी. आधी दगड."