नव्या मालकासाठी सहा जाकिटं

आमच्या अकरा जणींचं काम कसं गेलं, हे कोणी विचारलं तर मी दोन वाक्यांत सांगते. इथे सविस्तर लिहिते, कारण त्यात माझी चूक आहे.

कपिलधारला दर्शनासाठी आलेली मुंबईची एक मुलगी आमच्या गावात, नांदूरघाटात, ओळखीच्यांकडे उतरली होती. कुंपणावर वाळत घातलेल्या आमच्या गोधड्या तिनं पाहिल्या. जुन्या लुगड्यांचे थर, वर हाताचा धावदोरा. अशीच जाकिटं शिवाल का, म्हणाली. तिचा ब्रँड तेव्हा तिच्या घरातल्या एका खोलीत होता. मी वही सुरू केली: कोणाकडे किती लुगडी, कोणाचा टाका बारीक, कोण कधी मोकळी. पुढे एका नटीनं विमानतळावर आमचं जाकीट घातलं. तो फोटो सगळीकडे फिरला. काम इतकं वाढलं की त्या दिवाळीनंतर अकरापैकी एकही बाई ऊसतोडीला गेली नाही. पुढची तीन वर्षंही नाही.

मग मुलीनं ब्रँड एका मोठ्या कंपनीला विकला. "ताई, काही बदलणार नाही," ती फोनवर म्हणाली. फक्त फोन घेणारी माणसं बदलली. त्या कंपनीनं तो तिसरीला विकला, हे मला नवी लेबलं आली तेव्हा कळलं. सोबत निरोप होता: नमुन्याची सहा जाकिटं पाठवा, त्यावरून पुढचं ठरेल. इकडे तोडीचा मुकादम गावात फिरायला लागला होता.

आम्ही माझ्या पडवीत बसलो. सगळ्यांत मोठी, माझी चुलत सासू, आहेरातलं कोरं लुगडं घेऊन आली.

"नव्या मालकाला पहिल्यांदाच विटकं कशाला धाडायचं? लई वाईट दिसतंय ते."

"आत्याबाई मालकाला लुगडं नेसवायला निघाल्या," एक जण म्हणाली. "ओटी बी भरा मंग!"

सगळ्या हसल्या. पण दुपारपर्यंत आणखी दोघी पेटीतली कोरी लुगडी घेऊन आल्या. सहाही जाकिटं त्यांचीच शिवली.

मी वहीत तपासणीची यादी लिहिली होती. मापं, गुंड्या, टाके, दोऱ्याची टोकं, इस्त्री. प्रत्येक बाबीपुढे खूण केली. कापड जुनं आहे का, हे त्यात नव्हतं. कधी लिहावंच लागलं नव्हतं. नव्या कापडाची खळ बोटांना लागत होती. मला ते कळलं होतं, आणि बरंच वाटलं होतं.

आठवड्यानं ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. "मॅडम, हे नवीन कापड आहे. जुन्या साडीचं म्हणूनच तर लोक घेतात. असं आम्ही मशीनवर करून घेऊ."

दुसरी सहा पाठवते, मी म्हणाले. निर्णय झालाय, ती म्हणाली. अगदी नीट बोलली.

मी त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "जुनं पायजे व्हतं तर सांगायचं. जुन्याला काय तोटा हाय आपल्यात?"

दिवाळीनंतर ट्रॅक्टर आले. सात जणी निघाल्या. जाकिटं पार्सलनं परत आली होती. उसाच्या फडात पहाटे गारठा असतो म्हणून मी ती सहा जणींना वाटली. सातवीला माझं स्वेटर देऊ केलं.

"नगं ताई. उसाच्या पाचटात फाटतंय सगळं, जुनंच बरं." तिनं माझ्या कपाटातलं, जाकिटांसाठी ठेवलेलं एक विटलेलं लुगडं उचललं आणि ट्रॉलीत चढली.

मी वहीत लिहिलं: जाकिटं सहा, लुगडं एक.