डोहाची वाट

शेजारच्या मोकळ्या प्लॉटला कुणीतरी आज सकाळी बाभळीच्या काट्या लावल्या. ताज्या तोडलेल्या बाभळीचा तो तुरट वास बीडच्या आमच्या गल्लीत पसरला, आणि मी मनानं सिरसाळ्याजवळ, माहेरच्या नदीकाठी जाऊन पोचले.

माझे वडील, अण्णा, भोई. डोहाकडं जाणारी पायवाट गावातल्या बापूंच्या शेतातून जायची. हंगामातला पहिला मासा बापूंच्या घरी द्यायचा आणि वर्षभर त्या वाटेनं जायचं, अशी जुनी रीत. मी बाळंतपणाला माहेरी होते, त्या वर्षी बापूंनी मासा ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर काट्या लावल्या.

"बापू, नदी तर समद्यांची हाय," अण्णा म्हणाले.

"हाय की. मी कुठं न्हाई म्हनलो? वावर माझं हाय."

अण्णा भांडले नाहीत. जाळं खांद्यावर टाकून खालून, पात्रातूनच डोहाकडं निघाले. वाळू उपसून झालेले खड्डे गढूळ पाण्याखाली दिसत नव्हते. त्यातल्याच एकात ते बुडाले.

त्यांना वर आणायला तीच एक वाट होती. बापूंनी स्वतःच्या हातांनी काट्या ओढून बाजूला टाकल्या. त्यांच्या मनगटावर रक्ताचे ओरखडे उठले. मला तेव्हा ते उपकार वाटले होते. मी त्यांच्या पाया पडले होते.

आता एवढंच आठवतं, की आईचा पहिला हंबरडा संपायच्या आत वाट मोकळी झाली होती.