गाडीत न मावणारी बाई

फ्रँकफुर्टच्या आसपास कुठल्याही मराठी घरात भारतातून पाहुणे उतरले, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाड हॉम्बुर्गच्या संध्या खांबेटेला फोन जायचाच. "संध्या, त्या ज्वालामुखीच्या तळ्याचं जरा सांग ना." आणि फोन खांद्यात धरून, कणीक मळता मळता संध्या सांगायची. लाखर झे म्हणतात त्या तळ्याला. सकाळी लवकर निघा, नाहीतर पार्किंग मिळत नाही. डोंगरावर चपला घालून चढू नका, ओल्या पानांवरून पाय सरकतो. पूर्वेच्या काठाला पाण्यातून बुडबुडे येतात ते चुकवू नका, तेरा हजार वर्षांपूर्वी फुटलेला ज्वालामुखी आहे तो, अजून खालून वायू सोडतोय. आणि जवळच रोमन लोकांची दगडाची खाण आहे. याच ज्वालामुखीच्या राखेचा दगड झाला, तो त्यांनी कापून नेला. हे सगळं ती इतकं बैजवार सांगायची, की मराठी मंडळातले लोक तिला 'ज्वालामुखीवाली' म्हणायचे.

आणि या ज्वालामुखीवालीने ज्वालामुखी पाहिलाच नव्हता. जर्मनीत आठ वर्षं काढून एकदाही नाही.

यात गूढ काही नाही हो. गाडीत जागा पाच. तिचा नवरा श्रीपाद गाडी चालवणार, लेक अन्वी बरोबर जाणार, आणि उरलेल्या तीन जागांवर पाहुणे बसणार. पाहुण्याला घरी ठेवून यजमानीण बाई डोंगर बघायला निघाली, हे आपल्यात कुठे बसतं? शिवाय कुणीतरी पहाटे उठून पुऱ्या तळायला हव्यात, आणि मंडळी दमून परत येतील तेव्हा गरम वरणभात तयार हवा. "तू काय, इथेच आहेस. कधीही जाशील," असं दरवेळी कुणीतरी प्रेमाने म्हणायचं. आठ वर्षं हे 'कधीही' ऐकून संध्याचे कान किटले होते, पण ती हसून डबे भरत राहिली. आता यात पाहुण्यांची चूक म्हणावी तर तसंही नाही. तिने तोंड उघडून कधी सांगितलं होतं?

बरं, ती घरी राहायची म्हणजे स्वस्थ बसायची असं समजू नका. श्रीपाद इंजिनियर, मशीनच्या पोटातला स्क्रू डोळे मिटून काढेल, पण आउटोबानचा मोठा महामार्ग सोडला की त्याला डावं-उजवं कळेनासं व्हायचं. मग घरी फोन. संध्याने ओट्यावर, गॅसपासून हातभर लांब, नकाशा पसरलेला असायचा. "पेट्रोल पंप गेला का? मग पुढच्या गोल चौकातून दुसरा रस्ता घे." ओळखीच्या सगळ्यांनी रस्ता सांगणारं ते यंत्र, नावी की काय ते, गाडीत बसवून घेतलं. श्रीपादने घेतलं नाही. त्याला गरज कुठे होती?

संध्या मिरजेची. कॉलेजात असताना पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंत पावसात चालत गेलेली मुलगी ही. पायांना खाज होती तिच्या. लग्नानंतर ती खाज तिने पोळपाटाखाली दाबून ठेवली होती, एवढंच.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात श्रीपादची बदली झाली, परत पुण्याला. सप्टेंबरच्या सुरुवातीला सामान न्यायला कंटेनर येणार होता. म्हणून त्याआधी, 'तुम्ही आहात तोवर येऊन जातो' म्हणत, शेवटचे पाहुणे आले. श्रीपादचे थोरले भाऊ वासुदेवदादा, शुभावहिनी आणि सुधाआत्या. बरोब्बर तीन. शुक्रवारी जेवणं झाल्यावर उद्याचा बेत निघाला. ज्वालामुखी आणि रोमन खाण, एका दिवसात दोन्ही.

संध्याने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्या मीपण येणार आहे."

"अगं, पण तू पाहिलंयस की," वासुदेवदादा म्हणाले.

"नाही पाहिलं, दादा."

शुभावहिनी हसायलाच लागल्या. "काहीतरीच. परवा फोनवर तूच तर सांगितलंस, बूट आणा, तिथे निसरडं असतं."

"ऐकून सांगितलं, वहिनी."

"असं कसं?" श्रीपाद म्हणाला. "दत्ता आला होता तेव्हा गेलो होतो ना आपण?"

"तेव्हा माझ्या जागी दत्ता भाऊजींच्या सासूबाई बसल्या. त्याच्या पुढच्या वर्षी तुझ्या साहेबांची आई. मग तुझ्या मित्राच्या, चारुदत्तच्या मुलाची कारसीट. गेल्या वर्षी तर कुणी माणूस पण नव्हतं, माझ्या जागेवर टरबूज होतं." थोरल्या दिरांसमोर ती श्रीपादला अहो म्हणायची. आज ते राहूनच गेलं आणि तिच्या लक्षातही आलं नाही.

अन्वीने ताटातून मान वर केली. ही पोर मराठी सगळं समजायची, पण उत्तर जर्मनमधून द्यायची. "ममा, दू वार्स्त नोख नी दा?" तू कधी गेलीच नाहीस? तिचा विश्वास बसत नव्हता. तिला वाटायचं, आई तिच्या जन्माआधी कधीतरी हे सगळं बघून बसली आहे.

मग प्रत्येकाने आपली जागा देऊ केली. आत्या म्हणाल्या मी राहते, माझं काय मेलं बघायचं राहिलंय. वहिनी म्हणाल्या, मी राहते, पण अशा आवाजात म्हणाल्या की कुणी ते घेऊ नये. श्रीपाद म्हणाला, "पुढच्या खेपेला नक्की," आणि मग स्वतःच गप्प झाला, कारण पुढची खेप नव्हतीच.

"कुणी राहायचं नाही," संध्या म्हणाली. "तुम्ही गाडीने जा. मी ट्रेनने येते. दोन वाजता तळ्याच्या पार्किंगपाशी भेटू."

"एकटी? अगं, तीन-चार ठिकाणी गाडी बदलायला लागते."

"मग बदलीन."

सकाळी तिने पुऱ्या केल्या नाहीत असं नाही हं. केल्या, बटाट्याची भाजी केली, दहीभात कालवला. पाहुण्यांना उपाशी ठेवून तिला डोंगर गोड लागला नसता. पण पाहुण्यांचा डबा टेबलावर ठेवून, चार पुऱ्या आपल्या पिशवीत टाकून, सगळे दात घासत असतानाच ती दाराबाहेर पडली.  जिना उतरताना शाळा बुडवून निघाल्यासारखं वाटत होतं, आणि बाई चाळिशीच्या.

फ्रँकफुर्टला बदलली, माइन्झला बदलली. कोब्लेंझला गाडी उशिरा पोचली आणि पुढची समोरून निघून गेली. फलाटावर उभ्या उभ्या तिला एकदा वाटलं, जावं परत, घरी पोचून वरणाचा कुकर लावेपर्यंत कुणाला कळणारही नाही. मग तिला स्वतःचाच असा राग आला की काही विचारू नका. आठ वर्षांनी घराबाहेर पडलीस आणि एक गाडी चुकली म्हणून हातपाय गाळतेस? ती बाकावर बसली, एक पुरी खाल्ली आणि पुढच्या गाडीची वाट बघितली.

क्रुफ्ट नावाच्या लहानशा स्टेशनवर ती उतरली. तिथून शेतांच्या कडेने चालत खाणीवर पोचली. मोठ्या छपराखाली, जमिनीच्या पोटात, अंधारी आणि गार जागा. रोमन लोकांनी दगड कापून नेला होता आणि छत पडू नये म्हणून मधेमधे खांब तेवढे सोडले होते. भिंतींवर छिन्नीच्या खुणा जशाच्या तशा, तिरप्या, एकाशेजारी एक. इथला दगड नदीवरून कलोन शहरापर्यंत गेला, मोठमोठी घरं उभी राहिली, असं तिथे लावलेल्या माहितीच्या ध्वनिफितीत ऐकू येत होतं. संध्या त्या खुणांपाशी उभी राहिली. या माणसांची नावं कुठे नव्हती, पण त्यांच्या हाताचा घाव दोन हजार वर्षं दिसत होता. आपण आठ वर्षांत लाटलेल्या पोळ्यांचं तसलं काही राहिलेलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिला तिथेच रडू फुटलं. शेजारच्या जर्मन आजोबांनी तिला रुमाल दिला आणि काही न विचारता पुढे गेले. तेवढी एक गोष्ट या लोकांची तिला फार आवडायची.

तिकीट खिडकीतल्या बाईला तिने डोंगराची वाट विचारली. बाई म्हणाली, तळ्याला जायचं तर बस आहे, डोंगरावरून फार लांब पडतं. संध्या संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकली होती. चुका करत का होईना, पण ठामपणे तिने सांगितलं, मला डोंगरावरूनच जायचंय. "आल्झो," बरं तर, म्हणत बाई खिडकी सोडून बाहेर आली आणि तिने वाट दाखवली.

वाट चढू लागली तशी सुरुवातीला मजा वाटली, मग दम लागला, मग टाच सोलवटली. बीच नावाच्या झाडांचं घनदाट रान, पायाखाली लालसर, भुसभुशीत दगड. धूर नाही, राख नाही, ज्वालामुखी म्हणून काही दिसेल तर शपथ. आपल्याकडे याला कुणी टेकडीच म्हटलं असतं. पण जळक्या विटेसारखा एक हलका दगड तिने उचलला आणि तिला कळलं, आपण आगीच्या चुलाण्यावरून चालतोय. तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि चढत राहिली.

अशा वेळी फोन वाजला.

"संध्या, मेंडिगला आउटोबान सोडली," श्रीपाद घाईघाईने म्हणाला. मागे वासुदेवदादांचा आवाज येत होता, डावीकडे, अरे डावीकडे. "पेट्रोल पंप गेला. आता या गोल चौकातून कुठला रस्ता?"

दुसरा. तिच्या जिभेच्या टोकावर होतं. तिला तो चौक इतका पाठ होता, की तिथे लावलेली झाडं कुठली तेही तिने विचारून ठेवलं होतं. तोंड उघडलं, आणि तिने ते मिटलं.

"गाडी कडेला घे, उतर आणि कुणाला तरी विचार."

"अगं, पण तुला माहितीये ना?"

"माहितीये. पण मी आत्ता स्वयंपाकघरात नाहीये, श्रीपाद. मी डोंगरावर आहे."

तिने फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला.  आपण फार दुष्टपणा केला, असं तिला पुढची दहा-वीस पावलं वाटलं. मग चढ इतका उभा झाला की वाटायला श्वासच उरला नाही.

वर पोचली तेव्हा झाडं थोडी मोकळी झाली आणि खाली तळं दिसलं. गोल, गर्द निळं, चहूबाजूंनी रानाने वेढलेलं, आणि पलीकडच्या काठावर ख्रिस्ती मठाचे मनोरे. ती खाली बसली. तिला खूप आनंद झाला, इतका की कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि कुणीच नाही हेही बरं वाटलं. उरलेल्या पुऱ्या खाल्ल्या. मग उतरून पूर्वेच्या काठाला आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली आणि पाण्याकडे बघत राहिली. बुडबुडे येत होते. शांत पाण्यात एके ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी, मंद आचेवर ठेवलेल्या दुधाला यावेत तसे. ती किती वेळ तिथे होती हे तिने पाहिलं नाही.

काठाकाठाने चालत ती पार्किंगपाशी आली तेव्हा दोन कधीच वाजून गेले होते. मंडळी बाकावर बसली होती, डबा उघडलेला होता.

"कुठे होतीस गं?" शुभावहिनी म्हणाल्या. "आम्ही त्या चौकात तीन चकरा मारल्या. शेवटी आत्यांनी खाणाखुणा करून एका बाईला विचारलं."

 श्रीपाद रागावला असेल अशी तयारी करून संध्या आली होती, पण त्याचा चेहरा रागाचा नव्हता. चेहरा पडलेला होता. तिने मुद्दामच त्याला सांगायला सुरुवात केली. खाण, चढ, लाल दगड, वरून दिसलेलं तळं, आणि ते बुडबुडे.

"खरंच येतात?" श्रीपादने विचारलं.

तिला वाटलं थट्टा करतोय. "मला काय विचारतोस? तू इतक्यांदा आलायस."

"इथवर आलोय." त्याने बाकावर हात ठेवला. "कुणाचे गुडघे, कुणाला ऊन सोसत नाही, कुणाचं पोर झोपलेलं. एकाने तर बरोबर बसायला हवं ना. मी इथे बसायचो. तो माहितीचा फलक आहे ना, तो वाचायचो, वरून आलेली मंडळी काय बोलतात ते ऐकायचो, आणि घरी येऊन तुला सांगायचो. तू इतकं लक्ष देऊन ऐकायचीस. मग मी आणखी सांगायचो."

संध्याला आधी संताप आला. आठ वर्षं ती ओट्यापाशी उभी राहून या माणसाचा हेवा करत होती, आणि हा मेला बाकावर बसून होता. मग हसू आलं. मग त्याच्या बाकावरच्या हाताकडे पाहून तिला फार वाईट वाटलं.

"ऊठ," ती म्हणाली.

"अगं, पण हे सगळे?" त्याने हळूच पाहुण्यांकडे पाहिलं.

"बसतील."

शुभावहिनींचा घास हातातच राहिला. "आम्हाला इथे एकटं सोडून?"

"एकटं कुठे, वहिनी? चौघं आहात. डबा आहे, तळं आहे. कॉफी हवी असेल तर अन्वी मागवेल, तिला जर्मन येतं. आम्हाला यायला दोन-तीन तास लागतील."

वासुदेवदादांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण सुधाआत्यांनी त्यांच्या ताटलीत आणखी एक पुरी वाढली आणि म्हणाल्या, "जा रे तुम्ही. आम्ही काय पळून जातोय?"

संध्या काठाच्या वाटेला लागलीसुद्धा होती. श्रीपादने गाडीची किल्ली अन्वीच्या हातात दिली, पाहुण्यांकडे एकदा अपराध्यासारखं पाहिलं, आणि त्यांना तिथेच सोडून बायकोच्या मागे चालू लागला.