‘ओटीपी नाही, पोच सांगितली’

नारायण पेठेत एकट्या राहणाऱ्या, सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेल्या एका बाईंना गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास लुटण्यात आलं. तेव्हा बँकेची शाखा उघडी होती आणि पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर होतं. ती सकाळ मी विसरलेले नाही. विसरायची इच्छाही नाही. त्या गुन्ह्यात एकच माणूस गजाआड गेला. बाकीचे आजही एसीत बसून तुम्हा-आम्हाला ‘सतर्क राहा’ म्हणून संदेश पाठवतात.

मी तेव्हा त्या ठाण्यात पोलीस उपनिरीक्षक होते. आता निवृत्त म्हणवते ते सोयीसाठी. पेन्शनच्या वयाला अजून पुष्कळ अवकाश आहे, नोकरी मी स्वतःहून सोडली. कॉलेजात फीवाढीविरुद्ध पत्रकं वाटायचे, आता बँकांच्या दारात ठेवीदारांची पत्रकं वाटते. मधली वर्षं खाकीत गेली. नावं कुणाचीच लिहिणार नाही. बाईंचं नाव त्यांच्या अब्रूसाठी, आणि बँकेचं यासाठी की दुसरं नाव घातलंत तरी गोष्ट बदलत नाही.

गणपतीचा बंदोबस्त होता. निम्मं ठाणं रस्त्यावर. जे आत होते त्यांचीही झोप झालेली नव्हती. अशा दिवशी तक्रारदार आला की ठाणे अंमलदाराच्या कपाळावर जी आठी उमटते, ती बाईंनी दारातूनच पाहिली असणार. तरी त्या आल्या. सोबत मुलगा होता, हिंजवडीतून सुट्टी टाकून धावत आलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. आईचा मोबाइल त्याच्या हातात होता. तो तिच्याकडे परत गेलेला मी पुढे कधी पाहिला नाही.

“फोन आला, ओटीपी विचारला, यांनी सांगितला, पैसे गेले,” अंमलदार लिहिता लिहिता म्हणाला. “रोजचं आहे. अर्ज देतो, सायबरला जा.”

“मी ओटीपी सांगितलेला नाही,” बाई म्हणाल्या.

“आई, प्लीज. मेसेज इथे दिसतोय. सिक्स डिजिट. यू टोल्ड हिम.”

“तू मधे बोलू नकोस. अहो, मी ओटीपी सांगितला असं लिहाल तर मी सही करणार नाही.”

“आजी, मग पैसे काय उंदरानं नेले? गणपती आहेत म्हणून म्हटलं.”

बाकावर बसलेले दोघेतिघे हसले. बाई हसल्या नाहीत. पर्स मांडीवर धरून ताठ बसून राहिल्या. मी माझ्या टेबलावरून उठले आणि त्यांना आत बोलावलं. मायेनं नाही. सही करायला नकार देणारा माणूस एक तर खोटं बोलत असतो, नाही तर त्याला असं काही माहीत असतं जे आपण लिहून घेतलेलं नाही. एवढं मला नोकरीनं शिकवलं होतं.

“ओटीपी नाही सांगितला, मग काय सांगितलं?”

“पोच.”

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थांबते. अर्ज दिला की तो मिळाल्याची खूण म्हणून कचेरी शिक्का आणि क्रमांक देते, ती पोच. जुन्या पुण्यातल्या पेन्शनर माणसाला जेवण उशिरा दिलंत तर चालेल, पोच वेळेवर लागते. वीजबिलाची तक्रार असो नाही तर सोसायटीच्या पाण्याची, पोच हातात पडेपर्यंत तो खिडकीपासून हलत नाही. बाईंनी तर अख्खी नोकरी दुसऱ्यांना पोच देण्यात घालवलेली.

झालं होतं असं. शाखेतलं पासबुक छापायचं मशीन बंद होतं. बाईंनी हेल्पलाइनला तक्रार केली आणि पोच मागितली. मिळाली नाही. पुन्हा फोन केला, पुन्हा मागितली. त्या सकाळी उलटा फोन आला.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘नमस्कार. पासबुकाच्या मशीनबद्दल आपली तक्रार होती ना? उशिराबद्दल दिलगीर आहोत. तक्रार नोंदवून घेतो. आपल्याला पोच क्रमांक येईल, तेवढा वाचून दाखवा म्हणजे नोंद पक्की होईल.’ अहो, इतक्या अदबीनं आजकाल बँकेत कोण बोलतं? मी चष्मा लावला, पेन घेतलं, आकडे उतरवून घेतले आणि वाचून दाखवले.”

“मेसेजमध्ये लिहिलं होतं ना, कुणाला सांगू नका म्हणून?”

“इंग्रजीत. मला येतं इंग्रजी, अगदीच अडाणी नाही मी. पण मी वाट बघत होते पोचेची, आणि आकडा आला. मी आकडाच वाचला.”

मुलगा कपाळावर हात मारून म्हणाला, “मॅडम, हिचं सगळं अकाउंट आता मीच बघतो. हिला झेपत नाही.”

बाई त्याच्याकडे न बघता मला म्हणाल्या, “बघितलंत? पैसे गेले त्याचं मी बघेन. पण तुम्ही ‘सांगितला’ असं लिहिलंत की मी वेडी ठरले. मग माझ्या पेन्शनीतून दळण आणायलाही मला याला विचारावं लागेल.”

त्यांना काय वाचवायचं होतं ते तेव्हा कळलं. मी फिर्याद पुन्हा लिहून घेतली, त्यांच्याच शब्दांत: तक्रारीची पोच असल्याचे भासवून क्रमांक काढून घेतला. बाईंनी वाचली आणि सही केली. निरीक्षकसाहेब म्हणाले, “काय फरक पडतो हो? क्रमांक तोच ना?” फसवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा दाखल झाला.

ऑनलाइन बँकेच्या व्यवहाराला दोन कुलपं असतात, असं बँका अभिमानानं सांगतात. पहिल्याची चावी म्हणजे तुमचा खाते क्रमांक, कार्डावरचे आकडे, जन्मतारीख. दुसरी चावी दर वेळी नवी, तुमच्या फोनवर येते. एक चोरली तरी दुसरी तुमच्याकडे असते. युक्ती चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण या बाईंनी पहिली चावी कुणालाच दिली नव्हती. फोन करणाऱ्याला त्यांचं खातं, कार्ड आणि मशीन बंद असल्याची तक्रार, सगळं आधीच ठाऊक होतं. त्यानं त्यांच्या खात्याचं ॲप स्वतःच्या मोबाइलवर चालू केलं, वाचून दाखवलेला आकडा टाकला, आणि मुदत संपून बचत खात्यात आलेली ठेव दुपारच्या आत दुसरीकडे वळवली.

फोन ज्या नंबरवरून आला, तो बनावट कागदांवर घेतलेला निघाला. पैसे एका मजुराच्या नावानं उघडलेल्या खात्यात गेले आणि वेगवेगळ्या एटीएममधून काढले गेले. मजुराला आपलं असं खातं आहे हेच माहीत नव्हतं. इथे बहुतेक तपास थांबतात. ‘आरोपी परराज्यातील’ असं लिहून फाइल कपाटात जाते. पण हा आरोपी ‘पोच’ म्हणत होता. परराज्यातल्या टोळीला हा शब्द कोण शिकवणार?

मी एका मराठी वर्तमानपत्रात निवेदन दिलं. मजकूर साधा होता: ‘पोच क्रमांक’ सांगा असा फोन आल्यास ठाण्याशी संपर्क साधा. साहेब म्हणाले, “तुम्हाला पत्रकांची सवयच लागलीय.” मी म्हटलं, “हो सर.”

दोन गोष्टी घडल्या. एक, आणखी काही म्हातारी माणसं आली. शनिवार पेठेतले एक गृहस्थ तर बायकोपासून लपवून आले होते. दुसरी, एका मुलीचा फोन आला. नाव सांगायला तयार नव्हती.

“मॅडम, मी खराडीला हेल्पलाइनच्या ऑफिसात काम करते. तुमचं ते पेपरमधलं वाचलं. आमच्याकडे आम्ही ‘कंप्लेंट नंबर’ म्हणतो. पोच फक्त एकच जण म्हणायचा. मराठी डेस्कला होता. काढला त्याला.”

“का काढला?”

“बोलण्यात वेळ घालवतो म्हणून. म्हाताऱ्यांशी नीट बोलायचा ना तो. मॅडम, माझं नाव नका हं येऊ देऊ. माझापण कॉन्ट्रॅक्टच आहे.”

तिचं नाव कागदावर आलं नाही, आजही येणार नाही.

तिनं नाव सांगितलेला तो मुलगा चंदननगरात कॉट बेसिसवर राहत होता. एका खोलीत सहा खाटा, त्यातली एक याची. आम्ही गेलो तेव्हा शर्टाला इस्त्री करत होता, दुसरीकडे मुलाखत होती म्हणे. झडतीत बनावट कागदांवर घेतलेली सिमकार्डं मिळाली, पंचनामा केला आणि ताब्यात घेतला.

ठाण्यात तो कबूल होईना. “आपला गैरसमज होतोय, मॅडम. मी आपल्याला पूर्ण सहकार्य करेन.” प्रत्येक ळ आणि ण जागच्या जागी, वाक्याला सुरकुती नाही. सराईत चोर शिव्या देतो, रडतो, पाया पडतो. याच्यावर कंपनीनं चढवलेली भाषा होती आणि तिच्या आत शिरायला जागाच सापडत नव्हती.

माझ्या सोबतचे हवालदार अकोल्याचे. ते डबा उघडत सहज म्हणाले, “काऊन रे, जेवला का नाही सकायपासून?”

मुलानं मान वर केली. “नाही ना, काका. काहीच नाही खाल्लं.”

“घरी मायले काय सांगतलं?”

“तिले वाट्टे मी अजून ब्यांकेतच हाओ,” तो म्हणाला, आणि रडायला लागला. हवालदारांनी अर्धी भाकरी त्याच्यापुढे सरकवली. मग तो त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलला आणि सगळं बोलला. अंगाला हात लावावा लागला नाही.

“मॅडम, ओटीपी म्हटलं की लोकं फोन आपटतात. टीव्हीवर पाह्यलं असते. पोच म्हटलं की म्हणतात, थांबा, पेन आणते.”

“हे तुला सुचलं कसं?”

“सुचलं नाही. मी तिथं दिवसभर त्याच्याच शिव्या खायचो. जो तो म्हणे पोच द्या. आमच्या स्क्रीनवर पोच द्यायचं बटणच नव्हतं. सायबाले सांगतलं, तो म्हणे कॉल लवकर संपव.”

“आणि खात्यांची माहिती?”

“स्क्रीनवर सगळं दिसते. फोटो काढले. फोन लॉकरमध्ये ठेवा असा रूल होता, पण लॉकरले कुलूपच नव्हतं.”

मी ते दोनदा विचारलं, कारण माझा विश्वास बसेना. ग्राहकानं दोन कुलपं सांभाळायची, आणि बँकेच्या माणसांच्या लॉकरला एकही नाही.

मला दोषारोपपत्रात ते नाव हवं होतं, ज्यानं हे चालू दिलं. बँकेचे कायदा अधिकारी चहा पाजून म्हणाले, “मॅडम, डेटा हाताळणारी कंपनी वेगळी.” खराडीच्या कंपनीतून उत्तर आलं, “तो मुलगा आमच्या पगारपत्रकावरच नव्हता, कंत्राटदाराचा होता.” कंत्राटदारानं ऑफिस हलवलं होतं. निरीक्षकसाहेबांनी फाइल बंद करून माझ्याकडे सरकवली.

“आरोपी सापडला, कबूल झाला. टाका चार्जशीट. बँकेचं काय घेऊन बसलात? आपलीच पगाराची खाती तिथे आहेत.”

दोषारोपपत्र गेलं, एकाच नावाचं. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या त्या मुलाला शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती, मी त्याची वकिली करत नाही. त्यानं म्हाताऱ्या माणसांची सवय हेरली आणि त्यावर घाव घातला. पण ती माहिती ज्यांनी उघड्यावर ठेवली, त्यांना साधी नोटीससुद्धा गेली नाही.

बाईंना बँकेचं उत्तर आलं. ग्राहकाने स्वतःहून ओटीपी उघड केल्याने बँक जबाबदार नाही. मी फिर्यादीची प्रत घेऊन शाखेत गेले. व्यवस्थापक वाचून म्हणाले, “पोच म्हणा, प्रसाद म्हणा. नंबर दिला ना?”

“आणि बाकीचं तुम्ही दिलंत, त्याचं काय?”

“ते सिद्ध झालेलं नाही,” ते म्हणाले, आणि पुढच्या ग्राहकाला ‘या’ म्हणाले.

खटला चालू असताना साक्षीची तारीख सांगायला मी बाईंच्या घरी गेले होते. त्यांचा मोबाइल लागत नव्हता म्हणून स्वतः गेले. त्यांनी दार उघडलं, खुर्ची दिली.

“फोन बंद आहे का तुमचा?”

“मुलाकडे असतो. बँकेचे मेसेज आता त्यालाच जातात. तो महिन्याचे पैसे पाकिटात घालून देतो. चांगला आहे हो तो, काही कमी पडू देत नाही. परवा विचारत होता, मागच्या पाकिटातले इतके कशाला लागले?” त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. “तुम्ही मी सांगितलं तसंच लिहिलंत. पण ते वाचतं कोण?”

मी तारखेचा कागद त्यांच्या हातात ठेवला आणि निघाले. पुढे काही महिन्यांनी मी राजीनामा दिला. लोक विचारतात या केसनं काय शिकवलं. हेच शिकवलं की आपल्याकडे फसवला गेलेल्याची चौकशी सगळ्यात आधी आणि सगळ्यात कडक होते. ठाण्यात होते, बँकेत होते आणि घरी तर रोज होते. फसवणारा कधीतरी सापडतो. त्याला रस्ता करून देणारा कधीच सापडत नाही, कारण त्याला शोधतच कुणी नाही. ‘ओटीपी सांगू नका’ ही पाटी बरोबर आहे. पण ज्यांनी ती लावली, त्यांनी सगळा दोष म्हातारीच्या पदरात बांधायची सोय आधीच करून ठेवली आहे.

हे वाचणाऱ्या तुम्हाला मी सावध राहायला सांगणार नाही, ते तुम्हाला रोज सांगितलं जातं. तुमच्या घरात कुणी असं फसलं असेल, तर त्याच्यासोबत शाखेत जा आणि लेखी विचारा: आमची माहिती चोरापर्यंत कुणी पोहोचवली? उत्तर मिळेपर्यंत दर आठवड्याला विचारा. आणि ‘तुला झेपत नाही’ म्हणून आईचा, बापाचा फोन तुम्ही काढून घेतला असेल, तर तो आज संध्याकाळपर्यंत त्यांच्या हातात परत द्या.