घरच्या वर्षांचा रकाना

पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात पगाराचं काम बघणाऱ्या माणसाला सगळे भावोजी म्हणत. खरं तर ते एकीचेच भावोजी. पॅकिंगच्या टेबलावर त्यांची थोरली वहिनी होती. तिने हाक मारली, ती अख्ख्या टेबलाने उचलली. माणूस गरीब गाय. चहासुद्धा विचारून ढवळायचा.

एकदा मालकांनी बोलावलं. "म्हणजे कसंय, ज्याला त्याला वाटतं आपल्याला कमी मिळतं. तर म्हणजे कसंय, शिक्षण किती, अनुभव किती, त्यावर पगार किती हवा, ते कॉम्प्युटरलाच विचारा. कमी भरेल त्याला वाढ."

भावोजींनी रिग्रेशन चालवलं. पडद्यावर प्रत्येक माणसाचा एक ठिपका आणि मधून तिरकी रेघ: इतकं शिकलेल्याला, इतकी वर्षं राबलेल्याला इथे साधारण इतकं मिळतं. वहिनींचा ठिपका रेघेच्या पार खाली, विहिरीत पडल्यासारखा. म्हणजे घसघशीत वाढ!

रात्री घरी जेवताना वहिनींना पंखच फुटले. "मी बोंबलत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता मशीन बोललं!"

"अनुभवच तेवढा आहे तुमचा. सव्वीस वर्षं."

"सव्वीस? अहो, पोरं लहान होती तेव्हा दहा वर्षं घरीच होते की मी!"

भावोजींचा घास हातातच राहिला. जुन्या नोकऱ्यांच्या तारखा कुणाकडेच नव्हत्या. म्हणून त्यांनी वयातून शाळेची आणि शाळेआधीची वर्षं वजा केली होती. उरला तो अनुभव. पुरुषांच्या बाबतीत खपून गेलं, बायकांच्या बाबतीत गोची झाली.

"मग घरी काय मी झोपा काढल्या?" वहिनी कडाडल्या. "तीन पोरं, आजारी सासूबाई. तो अनुभव नाही?"

"आहे ना. पण त्याचे इथे पैसे मिळतात का, हे बघायला वेगळा रकाना लागेल."

"मग घाला की. रकान्याला काय भाडं पडतं?"

"तुमची वाढ कमी होईल, वहिनी."

वहिनींचा डाव पातेल्यात थबकला. "आणि नाही घातला तर?"

"तर टेबलावर तुमच्या शेजारी बसणाऱ्या अक्कांचं नुकसान. त्या कधी घरी बसल्या नाहीत. पण तुमची घरची वर्षं कामात मिसळली, म्हणून सगळ्यांचंच कामाचं वर्ष स्वस्त दिसतंय, आणि अक्कांचा कमी पगारही बरोबर वाटतोय."

वहिनींनी भावोजींच्या पानात एक डाव आमटी वाढली. मग म्हणाल्या, "अक्का म्हणजे नुसती कटकट. पण खाडा नाही हो तिचा. घाला रकाना."

दुसऱ्या दिवशी भावोजींनी टेबलाशी स्टूल ओढून एकेकीला घरी किती वर्षं होती ते विचारलं आणि रेघ पुन्हा काढली. कामाच्या वर्षाची किंमत चढली. घरच्या वर्षापुढे जवळजवळ शून्य आलं.

"म्हणजे कसंय, हे शून्य कशाचं?" मालकांनी विचारलं.

"घरी राबण्याचं," भावोजी म्हणाले. "त्याचे आपण काही देत नाही."

मालकांनी घसा खाकरला आणि वाढीच्या यादीवर सही केली.

संध्याकाळी वहिनींनी दारातच गाठलं. "किती?"

"थोडी आहे. पण आहे."

"आणि अक्काला?"

"तुमच्या दुप्पट."

"झालं! आता वर्षभर तिचा रुबाब बघा," म्हणत वहिनींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. "या आत. पानं वाढलीयत."