पुरा टेकणारा पाय

आपल्या सपाट पायांचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडणार नाही. ते आमचे मुरुडचे थोरले साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आक्कांचे यजमान. माणसाच्या तळव्याला जी कमान असते ती त्यांना जन्मापासून नाही. न्हाणीतून बाहेर आले की फरशीवर पाऊल नव्हे, भाकरी उमटते. एकदा मी टेप लावून पाहिलं. ठशाची मधली रुंदी त्यांची नऊ सेंटिमीटर भरली, माझी साडेतीन. मला वाटलं, माणूस खट्टू होईल. ते उलट माझ्याच ठशाकडे कीव केल्यासारखं बघत म्हणाले, "साडूभाऊ, अर्ध्या पायावर संसार करून राहिलात व्हय? आपला बघा, पुरा टेकतो!" तरुणपणी सैन्यभरतीत याच पायांमुळे त्यांना रांगेतून बाहेर काढलं होतं. त्याबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच, की नुकसान फौजेचं झालं.

ते पावलं फाकवून चालतात, आणि चपलांचा फटाक फटाक आवाज माणसाच्या आधी घरात येतो. पाणी दिलेल्या काळ्या रानात आपण इतरांपेक्षा कमी रुततो, असा त्यांचा दावा आहे. तो पडताळायला मी एकदा त्यांच्यामागून उसात शिरलो. माझी चप्पल चिखलात राहिली. दहा हातांवर त्यांचीही राहिली. पण ते ठासून म्हणाले, "माझी वर हाय. तुमची पार खाली गेली."

त्यांच्या मुलीचे पाय हुबेहूब त्यांच्यासारखे. तिच्यासाठी मुदखेडचं स्थळ मीच सुचवलं होतं. मुलगा सालस, घरचं बी-बियाण्यांचं दुकान. मुलगी बघायला येणारे अजून तिची चाल बघतात, आणि सपाट पायाला नाक मुरडतात. म्हणून आक्कांनी नवऱ्याला बजावलं, "पोरगी येईल, सतरंजीवर बसंल. तुम्ही पायाचा इषय काढायचा न्हाई." साडूंनी मान डोलावली आणि शब्द पाळलाही. पण मे महिन्याचे दिवस. ओसरीची शहाबादी फरशी तापलेली. पाहुण्यांचे पाय पोळू नयेत म्हणून त्यांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ओसरीवर बादलीभर पाणी मारलं. पाहुणे येऊन बैठकीत टेकले. मग मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून त्या ओल्या ओसरीवरून आली, आणि बैठकीच्या कोरड्या फरशीवर तिच्यामागे भाकऱ्यांची रांग उमटली.

मुलाच्या आत्याबाईंची नजर तिथंच गेली. "अगं बाई, पोरीचा पाय सपाट हाय की! आमच्या दुकानात दिसभर उभं राहावं लागतंय. कसं व्हायचं?"

मुलीनं मान खाली घातली. आता साडू छाती काढून फौजेची गोष्ट सांगणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि कधी ऐकला नव्हता अशा खालच्या आवाजात म्हणाले, "हाय, सपाट हाय. लई उभी राहिली की सांजच्याला घोटे ठणकतात तिचे. पिंढऱ्या भरून येतात. आत्ताच सांगून राहिलो, मागून बोलणं नको."

मुलगी चमकली. "बाबा, मी तर कधी बोलले न्हाई."

"सांगायला कशाला पायजे? माझे रोज ठणकतात."

आक्का दाराशी उभ्या होत्या. "रोज? आन मला एवढ्या वर्षांत एका शब्दानं बोलला न्हाईत?"

शेवटी मुलगाच म्हणाला, "आत्या, दुकानात खुर्ची हाय की. मी बी बसूनच असतो." आत्याबाईंना हसू आवरेना. "बसूनच असतोय, मेला!" म्हणाल्या, आणि पोह्यांची बशी हातात घेतली. लग्न ठरलं.

परवा मुरुडला गेलो होतो. संध्याकाळी साडू घमेल्यात गरम मिठाचं पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसले होते. तेवढ्यात मुदखेडहून लेकीचा फोन आला. "बाबा, पाय कसे हायत?"

"पायाला काय धाड भरली? एकदम झकास! आत्ताच सगळं रान फिरून आलो." पाण्याचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून त्यांनी पाय अगदी निश्चल ठेवले होते. आक्कांनी घमेल्यात बोट बुडवून पाहिलं, आणि पाणी निवलंय म्हणून कडेकडेनं, बिनआवाज, आणखी एक तांब्या ओतला.