पट्ट्याला धरून

सैनिकी शाळेच्या मेळाव्यात आम्ही माजी विद्यार्थी मंडपात चहा पीत दौड बघत होतो. तुकडीची वेळ शेवटचा पोचेल तेव्हाची धरतात. म्हणून एक मुलगी दमलेल्या सोबत्याला कमरेच्या पट्ट्याला धरून ओढत आणत होती. माझ्याच तुकडीतला सुधीर शेजारी बसला होता. म्हणाला, "आधी राखीव जागा, आता मुली. गुणवत्ता गेली रे!"

हा मला तेव्हा नावाने हाक मारत नसे, 'कोटा' म्हणे. शेवटच्या दौडीत टेकडीवर बसकण मारून रडला, तेव्हा याच कोट्याने त्याला पट्ट्याला धरून फरफटत आणलं. ढाल आम्हाला मिळाली. फोटोत ती घेऊन मधोमध सुधीर उभा आहे. घड्याळात पोचल्याची वेळ दिसते, ओढणारा हात दिसत नाही.

वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा नाही निवला, चांगला मुरलाय.

"आजोबा, ती ताई त्याला का ओढतेय?" सुधीरच्या नातीने विचारलं. त्याने चहाचा कप तोंडाला लावला.

मी वाकून म्हटलं, "नीट विचार हं बाळ. आजोबांना अनुभव आहे."

सुधीरचा हात आपसूक कमरेच्या पट्ट्याकडे गेला.